पट्टा ड्रमाला लावला होता

जबाब

नाव : सौ. कावेरी भ्र. निवृत्ती बिरादार
वय : २९ वर्षे
व्यवसाय : खाजगी दवाखान्यात एक्स-रे तंत्रज्ञ
राहणार : लातूर. मूळ गाव तालुका देवणी, जिल्हा लातूर
महिना व साल : एप्रिल २०१६

मी वरील नावाची बाई, आज कोणी बोलावले नसताना आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि जमादार साहेबांसमोर बसून सांगते की,

माझ्या घरी मी, माझे पती निवृत्ती ज्ञानोबा बिरादार, सासू सरजाबाई आणि मुलगी दुर्वा, वय सव्वा वर्ष, असे चौघे राहतो. सासरे ज्ञानोबा गावी शेतात राहतात. पती बियाणे विकणाऱ्या कंपनीत फिरतीवर आहेत. यंदा लातूरला नळ बंद आहेत आणि आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा येतो. गावच्या आमच्या बोअरला अजून थोडे पाणी आहे. म्हणून दर रविवारी आम्ही गाडीने गावी जातो आणि येताना दोन कॅन भरून आणतो. कॅन मागच्या सीटच्या पायाशी बसतात. ज्या रविवारी अपघात झाला त्या रविवारी मात्र सासूबाईंनी मोठा निळा ड्रम घ्यायला लावला होता, कारण टँकरचा काही नेम राहिला नव्हता. ड्रमची गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे त्याच्यावरच येते.

दुर्वासाठी गाडीत लावायची लहान मुलांची सीट मी घेतली होती. त्याचे कारण असे की, दुर्वा पोटात असताना आमच्या दवाखान्यात एक लेकरू आले होते. जीपमध्ये ते आईच्या मांडीवर होते. जीप नुसती गचकन थांबली, उलटलीही नव्हती. त्या लेकराचा एक्स-रे मी काढला. आई सारखी एकच सांगत होती, मी घट्ट धरलं होतं, मी घट्ट धरलं होतं. ती खोटे बोलत नव्हती. गाडी आदळली की कोणाच्याच हातात लेकरू राहत नाही, पैलवानाच्याही नाही. त्या दिवशी मी ठरवले की माझे लेकरू गाडीत मांडीवर बसणार नाही. हे मी घरात सर्वांना सांगितले होते आणि त्यावरून माझी टिंगलही पुष्कळ झाली. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमच्या सुनंचं लेकरू खुर्चीत बसून जातंय, कलेक्टर हाय ते."

लातूरच्या दुकानांत तेव्हा पांगुळगाडे आणि ढकलगाड्या होत्या, अशी सीट नव्हती. मी पतींना घेऊन हैदराबादला गेले. दुर्वाला दवाखान्यातल्या काट्यावर मोजून गेले होते, कारण सीट वजन आणि उंची बघून घ्यायची असते, रंग बघून नाही. दुकानदाराला मी सीट आमच्या गाडीत लावून दाखवायला सांगितली, कारण काही गाड्यांचा पट्टा तोकडा पडतो. त्याने मागे न बघता पुढच्याच जागेवर लावून दाखवली, पट्टा पुरला, तेव्हा घेतली. एवढे लहान मूल गाडीत पाठमोरे, म्हणजे मागच्या काचेकडे तोंड करून बसवायचे असते. धक्का बसला तर पाठ, मान आणि डोके सगळे मिळून सीटवर टेकते, मान एकटी झटका खात नाही. सासूबाईंना ते पटले नाही. "लेकराचं तोंड फुडं पायजे, त्याला काय सीटचं कापड दाखवताव?" असे त्या म्हणाल्या. पतींनी त्या वेळी माझी बाजू घेतली. आईला म्हणाले, "कावेरी म्हनती तसंच करू. तिचं त्यातलं ध्यान लई हाय." हे मी मुद्दाम सांगते. त्या दिवशी मला लई बरे वाटले होते.

सीट आधी त्यांनी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी लावली. तिथे समोर एअरबॅग आहे. ती फुगली तर पाठमोऱ्या सीटच्या पाठीवरच येऊन आदळते, म्हणून पाठमोरी सीट तिथे कधीच लावायची नसते, असे मी सांगितल्यावर त्यांनी ती काढली. मागे लावायला गेलो तर पट्ट्यांची लॉकच सापडेनात. गाडी घेतल्याबरोबर कव्हर बसवून घेतले होते, लाल दोऱ्याची शिलाई असलेले, आणि बसवणाऱ्याने मागच्या तिन्ही पट्ट्यांची लॉक कव्हरखाली दाबून टाकली होती. आमच्या ओळखीच्या बहुतेक गाड्यांत असेच आहे. कव्हर नवे दिसले पाहिजे, माणूस जुना झाला तरी चालतो. मी कात्री आणून डाव्या बाजूच्या लॉकपाशी कव्हर कापले. त्यावरून घरात दोन दिवस कोणी धड बोलले नाही. माझ्या स्वतःच्या जागेचेही लॉक मोकळे करू म्हटले तर पती म्हणाले, "एक भोक पाडलीस, बास झालं. आता गाडीची चाळण करतीस का?" म्हणून मागे एकच पट्टा लागत होता. तो दुर्वाच्या सीटचा, डाव्या खिडकीकडचा.

सीट कशी बसवायची ते मी पतींना शिकवले होते आणि त्यांना ते चांगले येत होते. पट्टा पाठमोऱ्या सीटसाठी असलेल्या खाचेतून ओवायचा, गुडघा सीटवर दाबून सगळा ढिलेपणा ओढून घ्यायचा, लॉक लावायचे आणि मग जिथून पट्टा जातो तिथे धरून सीट हलवून बघायची. बोटभर सरकली तर चालते, त्याहून जास्त सरकली तर पुन्हा कसायची. लेकराच्या खांद्यावरचे पट्टे चिमटीत धरता आले तर ते ढिले आहेत. पती एकदा मेव्हण्याला हे सगळे करून दाखवत होते, माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगत होते. तेव्हा त्यांना माहीत नव्हते असे कोणी म्हणू नये.

अपघाताच्या रविवारी दुपारचे जेवण झाल्यावर गावच्या वाटेवरून कोणीतरी सांगत आले की उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून फाट्यावर रास्ता रोको बसणार आहे. पतींना लातूरला लवकर पोचायचे होते. ते म्हणाले, बसायच्या आधी निघून जाऊ. मी दुर्वाचे अंग पुसून कपडे बदलत होते, तेवढ्यात ड्रम त्यांनी आणि सासऱ्यांनी गाडीत चढवला. मी दुर्वाला घेऊन गाडीशी आले तेव्हा ड्रम डाव्या खिडकीशी, दुर्वाच्या जागी होता आणि दुर्वाची सीट मधल्या जागेवर होती. दोन्हींवरून मिळून एक चादर टाकलेली होती. ऊन फार होते, कव्हर पोळत होते, त्यामुळे चादरीचे मला नवल वाटले नाही.

मी पतींना विचारले, "अहो, सीट मधी का घेतली?"

ते म्हणाले, "मधली जागा सगळ्यात चांगली असती, तूच म्हनली होतीस न्हवं?"

मी तसे म्हटले होते हे खरे आहे. हैदराबादहून येताना म्हटले होते, दोन्ही दारांपासून लांब असते म्हणून. पण मधला पट्टा लागला तरच, हेही त्याच वाक्यात म्हटले होते. मी विचारले, "मधला पट्टा तर कव्हरखाली आहे. मग लावला कसा?"

"काढलो खालून. वढून बघितलो. हालत न्हाई," असे ते म्हणाले.

मी चादर उचलायला हात घातला. तेव्हा सासरे, सासूबाई आणि शेजारची दोन माणसे अंगणात उभी होती. पती सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "का गं, माझ्यावर इश्वास न्हाई का? का पंचनामा करतीस?" सगळे हसले. सासरे म्हणाले, "सूनबाई, त्याचंबी लेकरूच हाय ते." मी हात मागे घेतला. चार माणसांत नवऱ्याला खोटे पाडायची आमच्यात पद्धत नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्यांच्यावर विश्वास होता. चादर मधोमध बाजूला सारून मी दुर्वाला सीटमध्ये बसवले, तिचे खांद्याचे आणि कमरेचे पट्टे लावले, चिमटीत धरून बघितले. तिचे पट्टे मी लावले होते, ते घट्ट होते. सीट गाडीला बांधायचे काम त्यांचे होते. सासूबाई पुढे बसल्या. मी उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या मागे बसले.

फाट्याच्या अलीकडे रस्ता सरळ आहे. लांबूनच दिसत होते की रस्त्यात येड्या बाभळीच्या फांद्या टाकल्या आहेत आणि एक ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावली आहे. माणसे खाली बसून घोषणा देत होती. एक जण आमच्याकडे तोंड करून लाल फडके हलवत पुढे पळत आला. त्याच्या एका हातात फडके होते आणि दुसरा हात मोकळा, पंजा उघडा होता, कारण तो थांबा थांबा असे दोन्ही हातांनी करत होता. मी म्हटले, "अहो, हळू घ्या." सासूबाईही म्हणाल्या, "निवृत्ती, हळू." पती म्हणाले, "बाजूनं निघतंय, जागा हाय." जागा नव्हती. त्यांनी शेवटी ब्रेक दाबला आणि गाडी ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. दगड कोणी मारला नाही. काच ट्रॉलीच्या लोखंडाने फुटली.

मी पुढच्या सीटवर आदळले. ओठ फुटला आणि पुढचे दोन दात हलले. त्यानंतर मी डावीकडे पाहिले. मधली जागा रिकामी होती. चादर खाली पडली होती. तिच्या पलीकडे ड्रम जागच्या जागी उभा होता. गाडीचा पट्टा त्याच्या अंगावरून तिरका घेऊन लॉकमध्ये नीट लावलेला होता, माणसाला लावतात तसा. मी कापलेल्या कव्हरमधून जे लॉक मोकळे केले होते, तेच ते लॉक. ड्रम सरकला नव्हता, झाकणही सुटले नव्हते. सीट दुर्वासकट पुढच्या दोन सीटच्या फटीतून जाऊन गिअरवर उलटी पडली होती. जाताना सासूबाईंच्या खांद्याला लागली, म्हणून त्यांचा खांदा काळानिळा आहे. मांडीवरून निसटलेले लेकरू आजीचा खांदा असा फोडत नाही.

लाल फडके घेऊन पळत आलेला माणूस सगळ्यात आधी दारापाशी पोचला. त्याचे नाव पंढरी सोनकांबळे असल्याचे मला नंतर समजले. माझी त्यांची आधीची ओळख नाही. त्यांनी दुर्वाला काढायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "ताई, लेकरू निघंना. ह्ये पट्टे कसे सोडू?" मी सांगितले, "सोडू नका. सीटसगट उचला. मान हलू देऊ नका." ते म्हणाले, "हाव, उचलतो." ते सीट दोन्ही हातांत धरून तशीच घेऊन गेले. त्यांच्याच माणसांनी फांद्या ओढून रस्ता मोकळा केला आणि पलीकडे अडकलेल्या जीपमध्ये आम्हाला बसवले. लातूरपर्यंत पंढरी सोनकांबळे यांनी सीट मांडीवर दोन्ही हातांनी तोलून धरली होती. वाटेत मी रडत होते तर म्हणाले, "ताई, तिच्याकडं बघा, तिचे डोळे उघडे हायत. तुमी हाका मारा तिला." पती आमच्यासोबत आले नाहीत. गाडीपाशी थांबतो, मागून येतो, असे ते म्हणाले होते. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही.

दवाखान्यात दुर्वाला सीटसकट आत नेले. दाराशी दोन परिचारिका आणि वॉर्डबॉय होते, त्यांनी तिचे पट्टे सोडले. त्यांना विचारावे. एक्स-रे माझ्याच खोलीत झाला. मला बाहेर थांब म्हणाले, पण मी थांबले नाही. मांडीचे हाड मोडले आहे आणि कवटीला केसाएवढी रेघ आहे. डॉक्टर म्हणाले, ती सीटमध्ये घट्ट होती म्हणून डोके वाचले. सीटही गाडीला घट्ट असती तर बहुतेक खरचटण्यावर भागले असते. दुर्वाला आता कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर आहे. जिवाचा धोका टळला असे सांगतात. कुठे लॉक लागल्याचा टक असा आवाज झाला की ती दचकून रडते.

संध्याकाळी पती दवाखान्यात आले. येताना त्यांनी त्या ड्रममधले पाणी दोन बाटल्यांत भरून आणले होते. ड्रम दुसऱ्या गाडीतून घरी पोचवला होता, त्यासाठीच ते मागे थांबले होते. दवाखान्यात प्यायला पाणी नव्हते. मी ते पाणी प्यायले. तहान लागली होती.

मी त्यांना एकदाच विचारले, "पट्टा ड्रमाला का लावला?" ते म्हणाले, "ड्रम कलंडला असता तर सगळी गाडी भिजली असती. दोन तासाचा तर रस्ता. लेकरू तर तिच्या सीटमधी बांधलेलंच होतं की." मी म्हटले, मग मला खोटे का सांगितले? ते म्हणाले, "खरं सांगितलो असतो तर तू निघूच दिली नसतीस." हे उत्तर बरोबर आहे. मी निघू दिले नसते. केसाने गळा कापणे कशाला म्हणतात ते मला त्या बाकड्यावर बसून कळले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि पती माझ्याजवळ येऊन बसले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. त्या म्हणाल्या, "माझे आई, पोलिसात लेकरू मांडीवर होतं म्हन. पाजायला घेतलं व्हतं म्हन. बाईच्या हातनं लेकरू सुटलं तर कुनी फासावर देत न्हाई. निवृत्तीवर केस झाली तर नोकरी जातीय." पती म्हणाले, "मी तसाच जबाब दिलोय. आता तू दुसरं बोललीस तर मी खोटा पडतो." त्या दिवशी मी काही बोलले नाही. गप्प राहिले म्हणजे कबूल झाले, असे त्यांनी धरले असावे.

आज जमादार साहेबांनी मला पतींचा जबाब वाचून दाखवला. त्यात असे आहे की, पत्नीने मी नको म्हणत असताना मुलीला सीटमधून काढून मांडीवर घेतले, आणि आंदोलक पंढरी सोनकांबळे याने दगड मारल्याने मला ब्रेक दाबावा लागला. चोराच्या उलट्या बोंबा. त्या एका दगडासाठी सोनकांबळे कोठडीत आहेत. दवाखान्यात त्या संध्याकाळी पतींनी त्यांना चहा पाजला होता, हात जोडले होते, उपकार झाले म्हणाले होते. मग नाव विचारले. आडनाव ऐकले. दगड त्याच्यानंतर आला. मी शेजारीच होते.

मला हे लिहून हवे आहे की दुर्वा माझ्या मांडीवर नव्हती. एक क्षणही नव्हती. ती नसावी म्हणून मी घरात भांडले, हैदराबादला गेले, नवे कव्हर कापले, कलेक्टरची आई म्हणून हसू करून घेतले. माझ्या नावावर दुसरे काहीही लिहा. गाडी मीच चालवत होते म्हणून लिहा. पण मी तिला मांडीवर घेतले होते असे लिहू नका. पुढे ती मोठी झाल्यावर तिचे लंगडणे राहिलेच, तर ती हे कागद वाचेल आणि आईच्या हातून पडले असे समजेल. ते मला सहन होणार नाही. कुंपणाने शेत खाल्ले आणि नाव मात्र शेतात राबणाऱ्या बाईचे, असे होऊ नये.

पंढरी सोनकांबळे यांनी दगड मारला नाही. त्यांच्या हातात लाल फडके होते आणि नंतर माझे लेकरू होते. त्यांना सोडावे.

दुर्वाची सीट मी सोबत आणली आहे. पंचांसमोर ती ताब्यात घ्यावी. ती दवाखान्यात दुर्वासकट आली हे पाहणाऱ्यांची नावे मी तोंडी सांगितली आहेत.

माझे पती आत्ता ठाण्याबाहेर उभे आहेत. मला न्यायला आले आहेत. मी एसटीने परत जाणार आहे, दवाखान्यात आणि तिथून माहेरी, औशाला. जमादार साहेबांनी सांगितले की केसचे काम संपल्यावर सीट परत मिळेल, चांगली धड आहे, घेऊन जा. मी सांगितले की परत नको. एकदा धडकेत सापडलेली सीट वरून कितीही धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते, ते डोळ्यांना दिसत नाही. तिच्यात पुन्हा लेकरू बसवायचे नसते.

माझा जबाब मी सांगितला तसाच उतरवला, मोठ्याने वाचून दाखवला, मी तो शेवटपर्यंत ऐकला, तो खरा आहे. हा जबाब मला कोणी शिकवलेला नाही. शिकवलेला होता तो वेगळा होता.

समक्ष : (सही) जमादार
(सही) कावेरी